क्रूझ फेब्रुवारी ग्रुप 🚢 सेंट लुसिया बेटाचा दिवस (कॅरिबियन)

नंदूकाका: सकाळी फोन उघडला तर कळलं की सेंट लुसियाची जहाजाची सहल बाजूला ठेवून खासगी व्हॅन ठरते आहे. कोणी ठरवलं? विचारण्याची पद्धत आहे ना अजून आपल्या घरात?

मेधा: काका, ठरलं काहीच नाही, फक्त दर मागवला 🙏 जहाजाची सहल माणशी ११९, अकरा जणांचे १३०९ डॉलर. चौदा सीटची व्हॅन दिवसभर ६५०. प्रवेशफी आणि जेवण वेगळं धरलं तरी बराच फरक आहे.

शिरीषदादा: ६५० कोणते डॉलर? 😄

ओंकार: दादा, हसू नकोस, प्रश्न बरोबर आहे. तिथे ईस्ट कॅरिबियन डॉलर चालतो. एका अमेरिकी डॉलरला २.७०, दर बांधलेला आहे. वहिनी, व्हॅनवाल्याकडून लिहून घ्या: अमेरिकी डॉलर, पूर्ण गाडीचे, माणशी नाहीत, धक्क्यापासून धक्क्यापर्यंत. आणि १, ५, १० च्या नोटा न्या. वीसची दिली तर सुटे तिथल्या चलनात हातात पडतात, ते पुढे कुठे खपवणार?

नंदूकाका: जहाज आपल्यासाठी थांबत नाही. एवढंच सांगायचंय.

सुनंदाआत्या: पायऱ्या किती आहेत ते कोणी सांगेल का?

मेधा: काका, व्हॅनवाला बरोबर नऊला धक्क्यावर येतोय. जहाज आठला लागतं. हातात तासभर आहे.

ओंकार: वहिनी थांबा. त्याचे नऊ म्हणजे जहाजाचे आठ. फ्लोरिडाहून निघालेलं जहाज फेब्रुवारीत पूर्वेकडच्या अमेरिकी वेळेवर असतं आणि सेंट लुसिया त्याच्या एक तास पुढे. तुमच्या ॲपवर लिहिलंय की जहाजाची घड्याळं बदलणार नाहीत. म्हणजे दोर बांधले जात असतानाच तो खाली उभा. जिना लागून, परवानगी मिळून खाली उतरेपर्यंत सव्वाआठ-साडेआठ होतात, अकरा जण गोळा व्हायला आणखी पंधरा मिनिटं. त्याला तिथले पावणेदहा सांगा.

नंदूकाका: म्हणजे पहिल्याच पायरीला घोळ. मी काय म्हणत होतो?

मेधा: तुमचं बरोबरच असतं काका. फक्त हे ओंकारने दाखवलं.

ओंकार: आणखी एक. फोन तिथल्या टॉवरची वेळ पकडून आपोआप एक तास पुढे जातो, मनगटावरचं घड्याळ जहाजाच्याच वेळेवर राहतं. एका व्हॅनमध्ये दोन वेळा फिरतील. सगळं जहाजाच्या वेळेत बोला आणि एकाने साधं घड्याळ घाला.

सुनंदाआत्या: नंदू घालेल. त्याचं एचएमटी आहे अजून.

शिरीषदादा: ते चालू आहे की नुसतं घालायचं? 😂

नंदूकाका: केरळच्या वेळी कोणामुळे गाडी चुकली होती ते सगळ्यांना माहीत आहे. मी त्यात जात नाही.

आर्या: मला व्हॉल्कॅनो बघायचाय, ज्यात गाडी जाते तो. प्लीज. आणि पिटॉन डोंगर चढायचाय.

ओंकार: आर्या, ग्रो पिटॉन ७७१ मीटर, प्टी पिटॉन ७४३. २००४ पासून जागतिक वारसा. पण चढून उतरायला चारेक तास आणि सोबत वाटाड्या. क्रूझच्या दिवसात बसत नाही, खालून बघायचा. तुझा व्हॉल्कॅनो म्हणजे सल्फर स्प्रिंग्ज. तिथे लाव्हा नसतो, राखाडी चिखल उकळताना दिसतो आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. गाडी कुंडांच्या जवळपर्यंत जाते म्हणून ‘ड्राइव्ह-इन’. काका काळजी नको, शेवटचा छोटा स्फोट १७६६ सालचा, तोही वाफेचा.

शिरीषदादा: मला एकच जागा बघायची आहे. डॅरेन सॅमी ग्राउंड. २४ जून २०२४, रोहित, ४१ चेंडूंत ९२.

नंदूकाका: स्टार्कला काय मारला होता! एका षटकात चार षटकार.

शिरीषदादा: काका, तुम्ही माझ्या बाजूला या. व्हॅन उत्तरेला वळवू.

ओंकार: ग्राउंड ग्रोस इस्लेला, म्हणजे जहाज लागतं त्या कॅस्ट्रीजच्या उत्तरेला. ज्वालामुखी आणि पिटॉन सूफ्रिएरला, दक्षिणेला. एका दिवसात दोन्ही बसवायला गेलात तर दोन्हीकडे खिडकीतूनच बघाल. उत्तर हवी तर पिजन आयलंड, रेडुईट बीच आणि ग्राउंडला बाहेरून नमस्कार. तो दिवस सोपा, अंतर कमी. पण आर्या रडेल.

मेधा: सूफ्रिएर नक्की. वेळ बसव ना रे.

ओंकार: सगळं जहाजाच्या वेळेत. पावणेनऊ निघा. पश्चिम किनाऱ्याचा रस्ता, वरंध घाटासारखी वळणं, न थांबता सव्वा-दीड तास. अवोमिन अर्धा तास आधी, गाडीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही. वाटेत मॅरिगो बे वरूनच बघायचा, पाच मिनिटं. कॅनरीजकडे कसावाची भाकरी. साडेदहा-पावणेअकराला सल्फर स्प्रिंग्ज, आधी कुंडं, मग चिखलाची आंघोळ. मग तोराय धबधबा, तिथे अंग धुवायचं. हा क्रम उलटा केलात तर चिखलाचा वास जहाजापर्यंत येईल. सव्वाला सूफ्रिएर सोडायचंच. तीनच्या आत धक्का. जहाजावर परतायची शेवटची वेळ साडेचार आहे, म्हणजे दीड तास हाताशी. तो दीड तास खरेदीसाठी नाही.

सुनंदाआत्या: कसावा म्हणजे?

मेधा: आत्या, साबुदाणा ज्याचा होतो तोच कंद. किसतात, पिळून रस काढून टाकतात, मोठ्या कढईत भाजतात. नारळाची, आल्याची, दालचिनीची मिळते. मासे घातलेलीही असते, विचारून घ्या.

सुनंदाआत्या: मग उपवासाला चालेल.

नंदूकाका: सुनंदाताई, ज्या कढईत मासे भाजले त्यात उपवास?

सुनंदाआत्या: जहाजाच्या बुफेत तू काय करतोस ते मी विचारलं का?

शिरीषदादा: 🍿

ओंकार: जहाजावरून फळं, सँडविच खाली नेऊ देत नाहीत. बंद पाकिटातली बिस्किटं, चिवडा चालतो. मेनूवर ‘ग्रीन फिग’ दिसलं तर ते अंजीर नाही, कच्चं केळं, आणि बहुतेक खाऱ्या माशाबरोबर येतं. रोटी मिळाली तर बटाटा-चण्याची मागा.

नंदूकाका: जहाज आपल्यासाठी थांबत नाही. एवढंच सांगायचंय.

मेधा: काका, तीनला पोचतोय. साडेचारची वेळ आहे.

नंदूकाका: आणि दरड पडली तर?

ओंकार: हा मुद्दा काकांचा खरा आहे वहिनी. पाऊस झाला की त्या रस्त्यावर दरड येते. दुसरी वाट सूफ्रिएरहून खाली व्ह्यू फोर्टला आणि पूर्वेने वर, दोन तासांच्या वर. शिवाय तिथल्या चारनंतर कॅस्ट्रीजमध्ये गाड्या तुंबतात. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर ती जबाबदारी जहाजाची. व्हॅनने उशीर झाला तर जहाज जातं आणि पुढच्या बंदरापर्यंतचं विमान तुमच्या खर्चाने.

नंदूकाका: 👆👆👆

ओंकार: मधला मार्ग आहे. जहाजाकडेच ‘लँड अँड सी’ असते: जाताना गाडीने, येताना कॅटामरानने, म्हणजे जोड-तळाच्या बोटीने. पश्चिमेचा समुद्र वाऱ्याच्या आडोशाला, त्यामुळे शांत, आणि वळणं एकदाच. तोटा असा की चिखलाला वेळ थोडा मिळतो आणि पोहायला उतरलात तर परत शिडी चढावी लागते.

सुनंदाआत्या: पायऱ्या विचारल्या होत्या. आता शिडी निघाली.

ओंकार: आत्या, चुकलं 🙏 पोहायला न उतरता बोटीवर बसून राहता येतं. कुंडं सज्जावरून बघायची. चिखलाच्या तळ्यात उतरायला पायऱ्या आणि कठडा आहे, पण दगड निसरडे, म्हणून तुम्ही कडेला बसा. बालदीत चिखल ठेवलेला असतो, हाताला लावा, दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या, धुवा. नाहीतर डायमंड बागेत थांबा, रस्ता बराचसा सपाट आहे. तिथला धबधबा फक्त बघायचा, भिजायचा नाही.

मेधा: पांढरे कपडे नकोत, डाग जात नाही. आर्या, ती लष्करी छापाची कार्गो घरी ठेव. तिथे तसले कपडे घालायला कायद्याने बंदी आहे, लहानांनाही.

आर्या: मी लहान नाहीये.

ओंकार: चांदी काढून ठेवा. गंधकाच्या पाण्याने काळी पडते. पैंजण, जोडवी, सगळं.

सुनंदाआत्या: जोडवी निघत नाहीत आता.

ओंकार: मग पाय कोरडे ठेवा. काळी पडलीच तर वाटीत ॲल्युमिनियम फॉइल, त्यावर पाय नाही, जोडवी 😅 म्हणजे निघाली तर. चमचाभर खायचा सोडा, कढत पाणी.

सुनंदाआत्या: नंदूच्या मोत्याची अंगठीपण चांदीतच आहे.

नंदूकाका: ती निघणार नाही. गुरुजींनी सांगितलंय.

ओंकार: काका, मोत्यालाही ते पाणी वाईट. तुम्ही हात वर ठेवून उभे राहा.

शिरीषदादा: षटकाराची खूण करत 🙌

मेधा: बरं, मतदान टाकते. १) व्हॅन २) जहाजाची लँड अँड सी. व्हॅन आली तर टीएक्स नंबरचीच, टॅक्सीचा परवाना असलेली. आणि कॅस्ट्रीजला दोन धक्के आहेत, बंदराच्या दोन बाजूंना. आपला कोणता ते आदल्या रात्री विचारून व्हॅनवाल्याला सांगणं शिरीषदादाकडे. मत उद्या रात्री नऊपर्यंत.

शिरीषदादा: कोणाचे नऊ?

सुनंदाआत्या: माझे. ठाण्याचे.