विषय: दीड वर्षाच्या प्रवासाला निघताना घरसामान कुठे ठेवावे?

प्रेषक: एक सभासद, एडिसन

सप्रेम नमस्कार मंडळी,

येत्या ऑक्टोबरमध्ये आमच्या अपार्टमेंटची लीज संपते आहे. यांची निवृत्तीही त्याच सुमारास असल्यामुळे लीज पुन्हा न वाढवता साधारण दीड वर्ष बाहेर राहण्याचे आम्ही ठरवले आहे. हिवाळा पुण्यात सासूबाईंजवळ, मग मेलबर्नला मुलीकडे आणि त्यानंतर प्रकृती साथ देईल तितका भारतातला प्रवास, असा बेत आहे. परत यायचे ते न्यू जर्सीतच, हे मात्र नक्की.

प्रश्न आहे तो दोन बेडरूमच्या भरल्या संसाराचा. एका स्नेह्यांनी आपले बेसमेंट मोकळ्या मनाने देऊ केले आहे, रूट वन महामार्गावर भाड्याच्या स्टोरेजच्या जागाही बऱ्याच दिसतात, आणि मुलगी म्हणते की सरळ सगळे विकून टाका. सोफा, पलंग आणि जेवणाचे टेबल यांत माझा जीव अडकलेला नाही. पण आईच्या पैठण्या, तांब्यापितळेची भांडी, तबला आणि पेटी, पुस्तके, आणि सासऱ्यांच्या हाताने लिहिलेल्या वह्या यांचे काय करावे, ते सुचत नाही. ज्यांना याची माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, ब्रिजवॉटर

वहिनी, सप्रेम नमस्कार.

विमादाव्यांच्या कामात माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे आधी बेसमेंटबद्दलच लिहितो. स्नेह्यांचे मन मोठे आहे, पण कृपा करून तिथे काहीही ठेवू नका. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचे अवशेष आपल्या भागावरून गेले, तेव्हा रॅरिटन नदीकाठी, विशेषतः मॅनव्हिलमध्ये, काय झाले ते या ई-मेल यादीवरच्या अनेकांनी पाहिले आहे. असा पूर दरवर्षी येत नाही हे खरे, परंतु मुसळधार पावसात वीज गेली आणि तळघरातले पाणी उपसणारा सम्प पंप बंद पडला, की नदीपासून दूर असलेल्या घराच्या तळघरातही पाणी साचते. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पुराचे नुकसान धरलेले नसते. सरकारी पूरविमा असला, तरी त्यात बेसमेंटमधली घर तापवणारी भट्टी, पाण्याचा हीटर, कपडे धुण्याचे यंत्र अशा मोजक्या गोष्टी येतात. तिथे ठेवलेले फर्निचर, कपडे किंवा पुस्तके येत नाहीत. पाणी आलेच नाही, तरी इथल्या उन्हाळ्यात तळघरातली सापेक्ष आर्द्रता बरेच दिवस ६५ टक्क्यांच्या वर राहिली, तर कागदाला आणि कापडाला बुरशी धरू लागते. शिवाय दीड वर्षात त्यांनी घर विकायचे ठरवले, तर त्यांना तुमच्या सामानाचा संकोच वाटू नये, हाही विचार आपणच करायला हवा.

आता स्टोरेज. दोन बेडरूमचे सामान साधारणपणे दहा बाय दहा फुटांच्या युनिटमध्ये मावते. समजा त्याचे भाडे महिना २०० डॉलर पडले, तर अठरा महिन्यांचे ३,६०० डॉलर होतात, आणि वापरलेल्या सोफ्याची व टेबलाची किंमत त्याच्या जवळपासही जात नाही. म्हणून फर्निचरबाबत तुमच्या लेकीचे म्हणणे मला पटते. ते विका किंवा दान करा, आणि पाच बाय दहाचे, तापमान व आर्द्रता या दोन्हींचे नियंत्रण असलेले युनिट घ्या. केवळ तापमानाचे नियंत्रण असलेल्या जागाही 'क्लायमेट कंट्रोल्ड' याच नावाने भाड्याने देतात, त्यामुळे आर्द्रतेबद्दल वेगळे विचारा, आणि तळमजला शक्यतो टाळा. करार बहुधा महिन्यामहिन्याचा असतो आणि सुरुवातीचे भाडे सवलतीचे असते. पुढे ते कधी व किती वाढू शकते, हे सही करण्यापूर्वी लेखी मागून घ्या.

जी गोष्ट मला सर्वांत कळकळीने सांगायची आहे, ती भाडे थकण्याबद्दलची आहे. भाडे थकले की युनिटमधल्या सामानावर कायद्याने स्टोरेजच्या मालकाचा हक्क येतो. आधी तो तुमच्या कुलपावर आपले कुलूप लावतो आणि नोटिशीची मुदत संपल्यावर सामानाचा लिलाव करू शकतो. पैसे असूनही भाडे थकू शकते. ऑटोपेवर, म्हणजे दरमहा आपोआप भाडे भरण्यासाठी, दिलेल्या कार्डाची मुदत संपते, किंवा काही गैरव्यवहाराचा संशय येऊन बँक नवा नंबर देते, आणि ते नवे कार्ड तुम्ही सोडलेल्या पत्त्यावर जाते. नोटीसही त्याच पत्त्यावर जाते. टपाल खात्याची तात्पुरती पत्ताबदलाची सोय फार तर एक वर्ष चालते आणि तुम्ही त्याहून जास्त काळ बाहेर असणार. ज्या वह्यांची दुसरी प्रत जगात कुठेही नाही, त्या अशा कारणाने हातच्या जाव्यात, याहून मोठे दुःख नाही.

म्हणून जागा निवडण्याआधी माणूस निवडा. इथे राहणाऱ्या, तुमच्या विश्वासातल्या एका व्यक्तीचे नाव करारात अधिकृत प्रतिनिधी आणि पर्यायी संपर्क म्हणून घाला, दुसरी किल्ली तिच्याकडे द्या, आणि ती दर दोन-तीन महिन्यांनी एकदा कुलूप उघडून आत डोकावेल असे ठरवून घ्या. टपालासाठी पत्ता पुरवणारी सेवा घेणार असाल, तर टपाल खात्याचा फॉर्म १५८३ भरून त्यावर नोटरीसमोर किंवा त्या सेवेच्या प्रतिनिधीसमोर सही करावी लागते. ते काम निघण्यापूर्वीच उरकावे. शक्य असेल तर काही महिन्यांचे भाडे आगाऊ भरा.

अपार्टमेंट सोडले की भाडेकरूची विमा पॉलिसीही बहुधा संपते, हे लक्षात असू द्या. स्टोरेजचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि त्यात दागिने, रोकड व कागदपत्रे सहसा येत नाहीत, त्यामुळे या तीन गोष्टी युनिटमध्ये ठेवूच नयेत. नागरिकत्वाचे प्रमाणपत्र व इतर मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. मात्र लॉकरमधल्या ऐवजाला एफडीआयसीचे, म्हणजे बँकेतल्या ठेवींच्या सरकारी विम्याचे, संरक्षण नसते, म्हणून दागिन्यांचा विमा स्वतंत्र करावा. आणि गाडी नुसती उभी ठेवणार असाल, तर विमा बंद करण्याआधी नंबरप्लेट मोटर व्हेइकल कमिशनकडे परत करायला विसरू नका.

प्रेषक: एक सभासद, प्लेन्सबरो

प्रिय ताई,

भाऊंनी लिहिलेले सर्व मला मान्य आहे. मी केवळ पैठण्या, वाद्ये आणि वह्यांबद्दल थोडी भर घालते, कारण माझ्या मते या वस्तूंची जागा स्टोरेजमध्ये नाहीच.

रेशमाला हवा लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलेली पैठणी दमटपणा धरून ठेवते आणि तिची जरतार काळवंडते. धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीत प्रत्येक पैठणी वेगळी गुंडाळावी, डांबराच्या गोळ्या जरीजवळ ठेवू नयेत, आणि काही महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या रेषेवर घालावी, नाहीतर जुने रेशीम घडीवरच विरते. हे काम कुलूपबंद खोलीत कोण करणार? एखाद्या मैत्रिणीच्या वरच्या मजल्यावरच्या कपाटात एक बॅग ठेवणे, ही मागणी अख्खे बेसमेंट मागण्यापेक्षा फार लहान आहे. माझ्या कपाटात जागा आहे आणि मी ती आनंदाने देईन.

तबल्याच्या पुडीला इथल्या हिवाळ्यातली हीटरची कोरडी हवा सोसत नाही. ठेवायचाच असेल तर गट्टे वर सारून ताण उतरवावा. पण आपल्याकडे शिकणारी मुले आहेत, त्यांच्यापैकी कुणाला तबला आणि पेटी दोन्ही वापरायला द्यावीत असे मला मनापासून वाटते. वाजत राहिलेली पेटी बंद पडून राहिलेल्या पेटीपेक्षा चांगली टिकते. पुस्तकांपैकी जी पुन्हा वाचणार नाही ती मंडळाच्या वाचनालयाला द्यावीत, बाकीची लहान खोक्यांत भरावीत. भांडी मात्र खुशाल युनिटमध्ये जाऊ द्या. चिंचेने घासल्यावर भरपूर पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून सुती कापडात बांधली म्हणजे झाले. डाळी, तांदूळ, मसाले यांतले काहीही तिथे नको, कारण त्या वासाने उंदीर आणि किडे आले की शेजारची खोकीही जातात.

वह्यांचे प्रत्येक पान सरळ वरून, चांगल्या उजेडात स्कॅन करून घ्या, प्रती मेलबर्नला आणि पुण्याला पाठवा, आणि मूळ वह्या आम्लरहित कागदाच्या पेटीत घालून पैठण्यांबरोबरच माझ्याकडे द्या. देवांचे मी सांगायला नको, पण टाक, अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण हातातल्या सामानातून बरोबर न्यावेत.

सप्टेंबरमधल्या शनिवारी-रविवारी मी मोकळी आहे. मलमल माझ्याकडे पुष्कळ आहे. दिवस कळवा, म्हणजे बांधाबांधीला येते.