आरओच्या पाण्यातली बीअर अळणी लागते, क्षार किती घालावेत?

फिनिक्सकर
नमस्कार मंडळी. मी ॲरिझोनात, फिनिक्सला राहतो. तीन वर्षं घरी बीअर करतोय, अर्काचा डबा न वापरता थेट माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) भिजवून. इथलं नळाचं पाणी साल्ट आणि व्हर्डे नद्यांचं, शिवाय कालव्यातून येणारं कोलोरॅडोचं. इतकं जड की चहाच्या भांड्याला बघता बघता पांढरा थर धरतो. त्यात स्टाउट ही काळी बीअर छान व्हायची, पण पेल एल या फिकट बीअरचा कडवटपणा घसा खरवडायचा. म्हणून उन्हाळ्यापासून किराणा दुकानाबाहेरच्या मशीनमधून आरओचं पाणी भरून आणतो. टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर १२ येतं.

आता उलटंच झालंय. गेल्या दोन्ही खेपा अळणी. हॉप्स (बीअरला कडवटपणा देणारी फुलं) तेवढेच, पण कडवटपणा बोथट आणि शेवट पचपचीत, वरणात मीठ घालायचं राहून जावं तसा.

माप असं: पेल माल्ट ४.५ किलो, क्रिस्टल माल्ट ३०० ग्रॅम. पाणी ३० लिटर, त्यातलं १६ मॅशला (माल्ट गरम पाण्यात भिजवायला) आणि १४ धान्य धुवायला. नुसत्या आरओच्या पाण्याचा पीएच कधी ६.१ दाखवतो, कधी ६.८. मॅशचा आला ५.७४. जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) आणि कॅल्शियम क्लोराइड आणून ठेवलंय. पेल एलसाठी नावाजलेल्या इंग्लंडमधल्या बर्टनच्या पाण्याचे आकडे मिळालेत, तेच धरू का? पुढच्या महिन्यात धाकट्या भावाला पन्नास पूर्ण होतायत, त्याच्यासाठी ही खेप करायची आहे. अंदाजपंचे नको आहे.

सातू
अळणी हा शब्द अगदी बरोबर. आधी पाण्याच्या पीएचची काळजी सोडा. आरओच्या पाण्यात पीएच धरून ठेवणारं काहीच उरत नाही, म्हणून काटा भरकटतो. बघायचा तो मॅशचा, आणि तुमचा ५.७४ जास्त आहे. ५.३ ते ५.५ मध्ये आणा. नमुना वाटीत काढून गार करून मोजा. गरम मॅशमध्ये आकडा कमी दिसतो आणि मीटरचं टोकही लवकर खराब होतं.

हिशेब सोपा आहे. १० लिटरमध्ये १ ग्रॅम जिप्सम घातलं की कॅल्शियम सुमारे २३ आणि सल्फेट ५६ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) वाढतं. कॅल्शियम क्लोराइड तेवढंच घातलं तर कॅल्शियम २७, क्लोराइड ४८. सल्फेटने हॉप्सला धार येते, क्लोराइडने माल्टला भरीवपणा. तुमच्या ३० लिटरला ६ ग्रॅम जिप्सम आणि ३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घाला. कॅल्शियम ७४, सल्फेट ११२, क्लोराइड ४८ होईल. पेल एलला मी याच्या आसपासच ठेवते. जिप्सम हळू विरघळतं, थंड पाण्यातच टाकून भरपूर ढवळा.

चमच्याने मोजू नका, ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं. डबी उघडी राहून गोळे झाले असतील तर वजनात पाणीच मोजलं जाईल, नवीन आणा.

कॅल्शियम माल्टमधल्या फॉस्फेटशी जुळतं आणि पीएच थोडा उतरतो, पण तुम्हाला तेवढं पुरणार नाही. ८८ टक्क्यांचं लॅक्टिक ॲसिड २ मिली घाला, ढवळा, दहा मिनिटांनी मोजा, मग एकेक मिली. धुवायच्या पाण्यात ॲसिड नको. आरओला क्षारता (ॲसिड मारण्याची ताकद) नसल्यासारखीच असते.

ट्रेंटकाठची
मी डर्बीला राहते, बर्टन इथून अर्ध्या तासावर. तिथल्या विहिरींचं पाणी जिप्समच्या थरांतून येतं, त्यावरच त्या गावाची पेल एल नावारूपाला आली. पण ते आकडे जसेच्या तसे उचलू नका. सल्फेट कित्येकशे पीपीएमवर जातं. मी एकदा हौसेने तसं केलं होतं. कोरडी, खडूसारखी चव आली आणि नवऱ्याने अर्धा ग्लास तसाच ठेवला. सातूताईंचं माप घ्या. पुढच्या खेपेला धार कमी वाटली तर २ ग्रॅम जिप्सम वाढवा, क्लोराइड तेवढंच ठेवा. दोन्ही एकदम बदललंत तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

फिनिक्सकर
खेप केली. क्षारांनंतर मॅश ५.६६ आला, ॲसिड ४ मिली लागलं, ५.४१ ला थांबलो. काल बाटली उघडली. कडवटपणा जिभेवर उभा राहतो आणि स्वच्छ जातो, घशाला काही लागत नाही. सातूताई, मनापासून आभार. आता स्टाउटही आरओवर करावी का? तिला खाण्याचा सोडा घालतात असं ऐकलं.

सातू
वा! ऐकून फार बरं वाटलं. स्टाउटला सोडा कशाला, तुमचा नळ आहे की. भाजलेलं माल्ट आंबट असतं, त्याला तीच क्षारता हवी. नळाचं निम्मं, आरओचं निम्मं करा. क्लोरिन घालवायला नळाच्या १५ लिटरला कॅम्पडेनची (क्लोरिन मारणारी सल्फाइटची गोळी) पाव गोळी चुरून टाका. मॅश ५.५ च्या आसपास आला तर ॲसिडची बाटली उघडूच नका.