मसाल्याच्या डोमेनवर लग्नपत्रिका उघडतात

इतवारीकर
राजेहो, मदत पाहिजे. नागपुरात इतवारीत आमचं लग्नपत्रिकांचं दुकान. त्याची वर्डप्रेसची साइट साध्या शेअर्ड होस्टिंगवर आहे, सीपॅनेलवाल्या (साइट सांभाळायचं पॅनेल). वहिनी घरी सावजी मसाला करते. तिच्यासाठी दोन महिन्यांपूर्वी वेगळं डॉट इन डोमेन घेतलं, दुसऱ्या कंपनीकडून, कारण पहिल्या वर्षाला स्वस्त होतं. (दुसऱ्या वर्षाचा दर मी नंतर वाचला. तो विषय नको.)

परवा त्याचे नेमसर्व्हर बदलून आमच्या होस्टिंगचे टाकले अन् सीपॅनेलच्या 'डोमेन्स'मध्ये नाव जोडलं. आता मसाल्याचा पत्ता टाकला की वरचा पत्ताच बदलतो अन् आमचं दुकान उघडतं. वहिनीनं माहेरी हौसेनं उघडून दाखवलं, तर गणपती अन् खाली 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. तिचा भाऊ म्हणे, कोणाचं जुळलं? वरून तिचा मेलही परवापासून बंद. दुसरं होस्टिंग घ्यावं लागते का?

तर्रीबाज
नाही भाऊ. नाव जोडताना 'शेअर डॉक्युमेंट रूट'वर टिक होती, ती आधीपासूनच असते, कोणी पाहत नाही. तिच्यामुळे दोन्ही नावं एकाच फोल्डरवर गेली. नंतर फोल्डर बदलता येत नाही. नाव काढा, टिक काढून परत जोडा. फोल्डर पब्लिक_एचटीएमएलच्या (पत्रिकांच्या साइटच्या फोल्डरच्या) बाहेर ठेवा, नाहीतर पत्रिकांच्या पत्त्यामागे फोल्डरचं नाव टाकूनही मसाला उघडेल. वर्डप्रेस वेगळं, डेटाबेस वेगळा. खातं मात्र एकच, म्हणून एका साइटला कीड लागली तर दुसरीही गेली समजा. अपडेट दोन्हीकडे करत जा.

धंतोलीची
मेलचं मी सांगते. नेमसर्व्हर बदलले की त्या डोमेनच्या सगळ्या नोंदी नव्या जागेवरून वाचल्या जातात. वहिनींचा मेलबॉक्स डोमेनवाल्यांकडेच असेल, तर त्याच्या एमएक्स (मेल कुठे पोचवायचा) आणि एसपीएफच्या (या नावानं मेल कोण पाठवू शकतं) नोंदी तिकडेच राहिल्या. खरं तर नेमसर्व्हरला हातच लावायचा नव्हता. तिकडच्या ए रेकॉर्डमध्ये, म्हणजे साइट कोणत्या सर्व्हरवर आहे त्या नोंदीत, होस्टिंगचा आयपी पत्ता टाकला असता तर मेल जागचा हलला नसता. मी तर आताही तेच करीन: जुने नेमसर्व्हर परत, फक्त ए रेकॉर्ड नवा.

होस्टिंगचे नेमसर्व्हर तसेच ठेवायचे असतील तर आधी तर्रीबाज सांगतात ते करा, कारण नाव काढलं की झोनमध्ये (होस्टिंगवरच्या डोमेनच्या नोंदींत) हातानं भरलेलंही जातं. मग 'झोन एडिटर'मध्ये नोंदी भरा. आणि दोन्हीपैकी काहीही केलं तरी 'ईमेल राउटिंग' रिमोट करा (म्हणजे मेलबॉक्स बाहेर आहे असं सर्व्हरला सांगा), नाहीतर दुकानाच्या मेलवरून वहिनींना पाठवलेलं पत्र सर्व्हर बाहेर जाऊच देणार नाही.

परवापासूनचे मेल बहुतेक पाठवणाऱ्याकडे परत गेले असतील. ग्राहकांना फोन करा.

इतवारीकर
ताई, नेमसर्व्हर जुनेच केले, ए रेकॉर्ड टाकला. नाव काढून परत जोडलं. मोबाइलवर मसाला दिसते, पण दुकानातल्या कॉम्प्युटरवर अजून पत्रिकाच. अन् 'सुरक्षित नाही' म्हणते.

तर्रीबाज
वर्डप्रेसनं केलेलं रिडायरेक्ट (दुकानाच्या पत्त्यावर वळवणं) ब्राउझरनं धरून ठेवलंय. प्रायव्हेट विंडोत पाहा. कुलूप 'एसएसएल/टीएलएस स्टेटस'मध्ये जाऊन ऑटोएसएसएल (सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र आपोआप देणारं) चालवलं की येते.

इतवारीकर
आलं दोन्ही. वहिनीनं तिघांना फोन केला. दोघांनी परत ऑर्डर दिली, एकानं काल महाल भागातून मसाला घेऊन टाकला म्हणे.