बघून काढलेलं जमतं, पण स्वतःचं पात्र दर चित्रात वेगळंच दिसतं

कोराकागद

कॉमिकसाठी एक पात्र तयार करतोय. साधारण दहा वर्षांची मुलगी, चपळ, जराशी भांडखोर. फोटो समोर असला की चित्र ठीक येतं. फोटो बाजूला केला की समोरून काढलेला चेहरा आणि थ्री-फोर्थमधला (समोर आणि बाजू यांच्या मधला, अर्धवट वळलेला) चेहरा दोन वेगळ्या मुलींचे वाटतात. वयही टिकत नाही. एका चौकटीत सहा वर्षांची, पुढच्या चौकटीत सोळाची. पोझ तर खांबासारखी ताठ. रेफरन्सचा ढीग जमवलाय, पण त्याचं नक्की काय करायचं ते कळत नाही. कच्चं काम पेन्सिलीने, पक्कं क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये. ट्रेस केलं तर चालतं का?

तिरपी_रेघ

वयाचं आधी, कारण ते मोजून सुटतं. डोक्याची उंची हे माप धरा. प्रौढ माणूस साधारण साडेसात डोकी उंच, दहा वर्षांचं मूल सहा ते साडेसहा, वर्षाचं बाळ जेमतेम चार. तुमची मुलगी सोळाची दिसते तेव्हा मोजून पाहा, बहुधा सात डोकी भरतील. शैलीसाठी तिला पाच डोक्यांची केलीत तरी हरकत नाही, पण मग त्याच कॉमिकमधली मोठी माणसंही त्याच हिशेबात आखूड करा.

चेहऱ्यातही वय असतं. प्रौढ डोक्यात डोळे बरोबर मध्यावर येतात. मुलांचा जबडा लहान आणि कवटी मोठी, म्हणून डोळे मध्याच्या थोडे खाली. नाक आखूड, मान बारीक, खांदे अरुंद. डोळे नुसते मोठे करून मूल होत नाही. हनुवटी लांब राहिली की मोठ्या डोळ्यांची बाईच दिसते.

आता थ्री-फोर्थ. बहुतेक जण आधी चेहऱ्याची बाह्यरेषा काढतात आणि आत डोळे-नाक चिकटवतात. तिथेच गडबड होते. आधी गोळा काढा, दोन्ही बाजूंनी त्याची चकती कापल्यासारखी सपाट करा, मग चेहऱ्याची मधली उभी रेषा आणि भुवयांची आडवी रेषा गोळ्यावरून वळवत न्या. जबडा त्यानंतर. डोकं वळलं की मधली रेषा सरकते, पलीकडच्या गालाची जागा आक्रसते, पलीकडचा डोळा अरुंद होतो आणि नाकाचा दांडा त्याचा आतला कोपरा थोडा झाकतो. दोन्ही डोळे सारख्या रुंदीचे काढलेत तर चेहरा कितीही वळवा, तो समोरचाच वाटतो. कान बाजूच्या सपाट चकतीच्या मध्याच्या मागे, भुवई आणि नाकाचं टोक यांच्या पट्ट्यात.

ओळख टिकवायला तीन मापं पक्की करून कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा: दोन डोळ्यांमधलं अंतर (सर्वसाधारणपणे एक डोळा मावतो, तुम्ही सव्वा ठरवू शकता), नाकाची लांबी आणि हनुवटीची रुंदी. पात्र ओळखू येतं ते या मापांवर. पापण्यांच्या केसांवर नाही.

शाईचा_डाग

वरचं सगळं मान्य. ट्रेस मात्र अजिबात करू नका, हात कायमचा पांगळा होतो.

रेफरन्सचा ढीग उपयोगी पडत नाही, कारण त्याला प्रश्नच विचारलेला नसतो. प्रत्येक फोटोचं एक काम ठरवा: हा मनगटासाठी, हा गुडघ्याजवळच्या चुण्यांसाठी, हा फक्त केसांच्या वजनासाठी. एका पात्राला आठ-दहा फोटो पुरतात. सगळं एकाच फोटोतून उचललं तर ती त्या फोटोतल्या व्यक्तीची नक्कल होते, तुमचं पात्र नाही.

अभ्यासाची रीत अशी: फोटो मिनिटभर नीट पाहा, झाका, आठवून काढा. मग फोटो उघडून लाल पेन्सिलीने त्याच चित्रावर दुरुस्ती करा. लाल रेघ सारखी जिथे पडते तो भाग तुम्हाला येत नाही, पुढचे फोटो त्याचेच शोधा.

पोझचे फोटो स्वतः काढणार असाल तर एक सावधगिरी. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची लेन्स वाइड असते. जवळून काढलं की नाक मोठं, कान मागे पळालेले, आणि वरून काढलं तर पाय अगदी चिमुकले. तसंच चित्रात उतरवलं की प्रमाण चुकलंय असं वाटतं, आणि दोष हाताला दिला जातो. तीन मीटर लांब उभे राहा, दुप्पट झूम करा, कॅमेरा कंबरेच्या उंचीवर ठेवा.

ताठपणा जातो तो खांदे आणि कंबर यांच्या रेषांनी. वजन एका पायावर दिलं की त्या बाजूची कंबर वर जाते आणि बहुधा त्याच बाजूचा खांदा खाली येतो. गळ्याच्या खळगीतून लंब सोडलात तर तो वजन पेलणाऱ्या पावलाजवळ पडायला हवा. नाही पडला तर ती पडतेय असं दिसेल. भांडखोर मुलीसाठी हनुवटी पुढे, कोपरे बाहेर. तीस सेकंदांच्या पोझमध्ये एवढंच पकडा, बोटं-बिटं सोडून द्या.

तिरपी_रेघ

ट्रेसबद्दल असहमत. बाह्यरेषा गिरवण्यात काही मिळत नाही, ते खरं. पण फोटोची अपारदर्शकता (ओपॅसिटी) तीसेक टक्क्यांवर आणून वरच्या लेयरवर छातीचा पिंजरा, कंबरेची पेटी आणि हातापायांच्या नळ्या काढा, सांध्यांवर त्यांचे गोल छेदही काढा. मग फोटो बंद करून तेच ठोकळे वीस अंश वळवून काढा. वळवता आले तर समजलंय. नाही तर नुसतं गिरवलंय. दुसऱ्याचं चित्र असं अभ्यासाला घेतलंत तर ते वहीतच राहू द्या, स्वतःचं म्हणून टाकू नका.

कोराकागद

दोघांचेही आभार. मापं मोजली, थ्री-फोर्थमध्ये खरंच सात भरली. आता पुढचं: कपडे, केस ठरवताना आणि मॉडेल शीट (एकाच पानावर पात्र सगळ्या बाजूंनी) करताना काय पाहायचं? एक वेणी, चौकड्यांचा शर्ट, खांद्यावर तिरकी पिशवी असं डोक्यात आहे.

गोंद_आणि_कात्री

चौकड्या काढून टाका. कॉमिकमध्ये ही मुलगी शेकडो वेळा काढायची आहे, आणि प्रत्येक चुणीवर चौकडी वळवावी लागेल. न वळवता सपाट भरलीत तर शर्ट पुठ्ठ्याचा दिसतो. एक जाड आडवा पट्टा पुरे.

त्याआधी तीन-चार सेंटिमीटर उंचीच्या तिच्या आकृतीच्या डझनभर छाया काढा, नुसत्या काळ्या भरलेल्या. वेणी आणि पिशवी दोन्ही छायेच्या बाहेर डोकावली पाहिजेत. पिशवी अंगाला चिकटून असेल तर छायेत ती नाहीच. वेणी एका बाजूला आणि पिशवी दुसऱ्या बाजूला ठेवा.

शीटसाठी समोरून, थ्री-फोर्थ, बाजूने आणि मागून. समोरचं चित्र पक्कं झालं की टाळू, डोळे, हनुवटी, खांदा, कंबर, गुडघा आणि टाच यांवरून आडव्या रेषा पूर्ण पानभर ओढा, आणि बाजूचं चित्र आधी करा. थ्री-फोर्थ शेवटी, कारण त्याची खोली बाजूच्या चित्रातूनच कळते.

क्रितामध्ये एम दाबला की दृश्य आरशासारखं उलटतं, वाकडेपणा लगेच दिसतो. रंग झाल्यावर सगळ्यांत वर काळा भरलेला लेयर ठेवून त्याचा ब्लेंडिंग मोड ‘कलर’ करा, म्हणजे चित्र नुसतं राखाडी छटांत दिसेल. केस आणि शर्ट एकाच राखाडीत मिसळले तर एक गडद करा.

तुमच्या डिझाइनमध्ये हमखास होणारी चूक म्हणजे मागच्या चित्रात वेणी चुकीच्या खांद्यावर जाणं. शीटवर ‘तिचा डावा’, ‘तिचा उजवा’ असं लिहा; ‘चित्रात डावीकडे’ असं नको. आणि पात्र लांबून दिसतं त्या चौकटीत पिशवीचं बक्कल काढायचं की नाही ते आत्ताच ठरवा: पूर्ण आकृती तीन सेंटिमीटरची काढून पाहा, बक्कल ठिपका झालं तर तिथे ते गाळा.