नऊ दिवसांची भोवनी तीन दिवसांत उरकावी का?

सड्यावरचा
आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. सात वाड्या, दोनशेच्या आसपास घरं. शिमग्यात होळीचा होम झाला की दुसऱ्या दिवसापासून ग्रामदेवतेची पालखी भोवनीला निघते आणि नऊ दिवस घरोघर फिरते. परवा गावकीच्या बैठकीत गावच्या मुंबईकरांच्या मंडळाने मागणी ठेवली की यंदापासून भोवनी शुक्रवार ते रविवार अशी तीन दिवसांत संपवा, म्हणजे चाकरमान्यांना आपापल्या घरी पालखी मिळेल.

माझा विरोध आहे. दोनशे घरं तीन दिवसांत म्हणजे दिवसाला पासष्ट-सत्तर. सकाळी आठला निघून रात्री दोनला पालखी टेकवली तरी एका घराच्या वाट्याला पाव तास येतो, आणि वाडी ते वाडी चढ-उतारही त्यातच. आज आमच्याकडे पालखी अंगणात येते, सहज अर्धा तास नाचते, दुपारच्या घरी तर जेवणाची पंगत बसते. ज्या म्हाताऱ्या माणसांना आता देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत, त्यांच्या दारात देव वर्षातून एकदा येतो. तो पाव तासात परत पाठवायचा?

विरारहून
दादा, तुमच्या दारात देव अर्धा तास येतो म्हणता. माझ्या दारासमोरून गेली चार वर्षं पालखी पुढे निघून जाते, कारण दाराला कुलूप असतं. आमच्या वाडीची पाळी सातव्या दिवशी. मला धुळवडीची एक सुट्टी आणि मिनतवारीने मिळालेली एक रजा, त्यामुळे तिसऱ्या दिवशी रात्रीची गाडी धरावीच लागते. माझे वडील गिरणीत होते. ते शिमग्याला पंधरा-पंधरा दिवस गावी राहायचे, वेळ पडली तर बिनपगारी. १९८२च्या संपानंतर ती नोकरीच राहिली नाही. मी कंत्राटावर आहे, चौथ्या दिवशी हजर नसलो तर माझ्या जागी दुसरा उभा असतो.

आणि एक सांगा, पालखीला खांदा कोण देतं? गावात धडधाकट पोरं किती उरलीत? होळीचा माड तोडून, नाचवत सहाणेवर, पालखी बसते त्या चौथऱ्यावर, आणायला मुंबईची पोरंच लागतात ना?

सड्यावरचा
पोरं चौदा आहेत. मोजून सांगतोय. तुमचं खरं आहे, सहाव्या-सातव्या दिवशी खांदे बदलायला माणूस मिळत नाही.

कुणबीवाडीची सून
मी लग्न होऊन या गावात आले त्याला एकवीस वर्षं झाली. बैठकीत बायकांना कुणी विचारलं नाही, म्हणून इथे लिहिते. पालखी येणार म्हणजे आदल्या दिवशी अंगण सारवायचं, पहाटे सडा-रांगोळी, ओटीचं ताट, नारळ, वर येणाऱ्या माणसांचं चहापाणी. हे सगळं आनंदाने करतो, कारण त्या दिवशी ओटी आपल्या हाताने, आपल्या उंबऱ्यापाशी भरता येते. मूल व्हावं म्हणून मी बोललेला नवस याच अंगणात फेडला. गुरवकाकांनी मुलाचं नाव घेऊन देवाला गाऱ्हाणं घातलं, तेव्हा सासूबाई रडल्या होत्या. पाव तासात पन्नास माणसं आली-गेली तर ओटी भरेन, पण गाऱ्हाणं कोण ऐकेल?

विरारच्या भाऊंचं दुःख मला कळतं. कुलूप लागलेल्या दाराकडे बघून आम्हालाही वाईट वाटतं. पण त्यावर उपाय म्हणून राहत्या घरांचा वेळ कापू नका.

मसुऱ्याचो
मी मालवण तालुक्यातलो. आमच्याकडे आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेला ठरलेली तिथीच नाही. देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो, तो कळला की मुंबईतली माणसं गाड्यांची आरक्षणं करतात. आचऱ्याची गावपळण बघा. साधारण चार वर्षांनी रामेश्वराचा कौल होतो आणि सगळा गाव गुराढोरांसकट तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहुट्यांत राहतो. तेव्हा रजेची अडचण कुणी काढत नाही. आमच्या सुट्टयेप्रमाणे देव चलणा नाय.

विरारहून
मसुरकर, आंगणेवाडीची जत्रा दीड दिवसाची. दीड दिवस मीही कुठूनही काढीन. इथे प्रश्न नऊ दिवसांचा आहे. शिवाय तुम्हीच सांगता की तुमच्याकडे तारीख दरवर्षी बदलते. म्हणजे दिवस हलले म्हणून देव कोपत नाही, एवढं तरी मान्य करा. रत्नागिरी जिल्ह्यातच काही गावांत तेरसे शिमगे, म्हणजे त्रयोदशीला, होतात, काही ठिकाणी पौर्णिमेला होम लागतो. एकच जिल्हा, वेगळे दिवस.

गुरवाचं घर
देवाची रूपं, म्हणजे पालखीतले मुखवटे, आमच्या ताब्यात असतात, म्हणून बोलतो. देव कोपेल की नाही यावर मी काही म्हणणार नाही. माझं म्हणणं माणसांबद्दल आहे. पालखी उचलणारे अनवाणी असतात. मार्चची दुपार आणि तापलेला कातळ. नऊ दिवसांत रोज बावीस-तेवीस घरं घेतानाच पाय फुटतात. सत्तर घरं म्हणजे पोरं पडतील, नाहीतर घराघरांत पालखी न नाचवता नुसती टेकवून उचलतील. मग शिमगा कसला?

२०२० साली शिमगा झाला आणि पंधरवड्यात टाळेबंदी लागली. पुढच्या वर्षी निर्बंध होते, आमची पालखी घरोघर गेलीच नाही. सगळे देवळात येऊन दर्शन घेऊन गेले. त्या वर्षी वरच्या वाडीतल्या एका आजीने मला विचारलं होतं, "यंदा देव माज्याकडं का नाय आला?" पुढच्या शिमग्याला ती नव्हती.

विरारहून
काका, हे वाचून थांबलो. तीन दिवसांचा हट्ट मी सोडतो. पण मग आमच्या वाडीची पाळी तरी शनिवार-रविवारी आणा. वाड्यांचा क्रम बदलला तर कुणाचा वेळ कापला जात नाही.

सड्यावरचा
इथेच गाठ आहे. वाड्यांचा क्रम मानाप्रमाणे आहे. पहिला मान ज्या घराचा, त्यांच्या अंगणात पालखी गेल्याशिवाय दुसरं घर घेत नाहीत. आणि त्या घरालाही सहा वर्षं कुलूप आहे. पालखी बंद दारापुढे नाचते, गुरव गाऱ्हाणं घालतो, मग पुढे जातो. ते घर पहिलंच राहू दे. मधल्या वाड्यांची अदलाबदल करायला माझी हरकत नाही, पण चौथ्या-पाचव्या दिवशीच्या मानकऱ्यांनी हो म्हणायला हवं.

कुणबीवाडीची सून
पाचवा दिवस आमचा. घरी विचारते. माझ्याकडून हो आहे.

विरारहून
ताई, तुमच्या घरच्यांचं ठरलं की कळवा. रविवारच्या बैठकीला मी गावात येतोय, मंडळाच्या माणसांशी गाडीतच बोलून घेतो.