कॉलेजच्या जुन्या लॅबचं रिनोव्हेशन निघालंय, हर्बेरियम आणि बरण्यांचं काय करू? (नाशिक)

अंजनेरीची वाट:
नमस्कार मंडळी, मी नाशिकच्या एका जुन्या कॉलेजात बॉटनी शिकवते. आमच्या डिपार्टमेंटचा स्लॅब चार पावसाळे गळतोय, भिंतींचे पोपडे पडतायत, आणि आता एकदाचा निधी मंजूर झालाय. आनंदच आहे. पण ड्रॉइंग आलं त्यात फॉल्स सीलिंग, स्प्लिट एसी, मॉड्युलर टेबलं, कोपऱ्यात काचेचं शोकेस, आणि हर्बेरियमची, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या झाडांच्या संग्रहाची, खोली कुठेच नाही! विचारलं तर म्हणाले मॅडम, फोटो काढून ठेवा की कॉम्प्युटरवर, एवढी कपाटं कशाला. पंधरा दिवसांत मजला रिकामा करून द्यायचाय. आमच्याकडे असे चिकटवलेले कागद, म्हणजे शीट, साधारण 3800 आहेत, सगळ्यात जुनी 1950 च्या दशकातली, शिवाय शेजारी झूलॉजीच्या, प्राणी ठेवलेल्या अडीचशेक बरण्या, त्यातल्या कितीतरींचं फॉर्मालीन (प्राणी कुजू नयेत म्हणून भरलेलं द्रव) अर्ध्यावर आलंय. दोन कपाटं भरून शीट गंगापूर रोड आणि मखमलाबादच्या शेताबांधांवरच्या आहेत, तिथे आता बिल्डिंगी आहेत, म्हणजे ती झाडं तिथे होती याचा पुरावा फक्त त्या कागदावर चिकटवलेल्या काड्या आहेत. हे सगळं हलवायचं कसं, ठेवायचं कुठे, आणि नवीन खोली कशी मागायची? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा, मला रात्री झोप लागत नाहीये.

पानफूल (पुणे):
ताई, आधी एक सांगते, फोटो म्हणजे शीट नव्हे. फोटोतून डीएनए काढता येत नाही, परागकण बघता येत नाहीत, फूल भिजवून उलगडता येत नाही. 2006 साली तुमच्याच नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावरून सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची नवी जात नोंदवली गेली. अशी जात वेगळी आहे हे सिद्ध करायला जुन्या शीटशीच ताडून बघावं लागतं. हे प्रिन्सिपल सरांना नक्की सांगा.

आता काम. मी एका हर्बेरियममधे बरीच वर्षं आहे, शिफ्टिंग दोनदा केलंय. कपाटातून गठ्ठे काढायच्या आधी कुठल्या कप्प्यात झाडांची कुठली फॅमिली (कुळ) आहे त्याचा नकाशा कागदावर काढा आणि प्रत्येक गठ्ठ्यावर कपाट नंबर कप्पा नंबर लिहा, नाहीतर नंतर वर्षभर शोधत बसाल. जुनी फील्ड रजिस्टरं शोधा, म्हणजे कुठलं झाड कधी कुठून आणलं त्याच्या नोंदवह्या, ती कुठेतरी माळ्यावर असतात, लेबल सुटलेली शीट त्यातल्या कलेक्शन नंबरावरून परत जुळते. ग्लोव्हज घालूनच हात लावा, नायट्राइलचे, कारण जुन्या शीट कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराईडमधे, म्हणजे पाऱ्याच्या विषारी क्षारात, बुडवलेल्या असायच्या, बंद कपाटात पाऱ्याची वाफ साठते. कपाटं आणि खिडक्या उघडून अर्धा तास सगळे बाहेर थांबा.

आणि तो स्प्लिट एसी! तो खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आत आणत नाही. वर दिवसा चालू संध्याकाळी बंद केला की पावसाळ्यात रात्रभरात दमटपणा चढतो, बुरशी तिथूनच सुरू होते. 20 ते 23 डिग्री आणि 50 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता, तीही स्थिर, एवढं मिळालं तर पुरे. बजेट कमी असेल तर एसीआधी डीह्युमिडिफायर आणि एक चांगला एक्झॉस्ट मागा. नव्या खोलीत नेण्याआधी गठ्ठे प्लास्टिकमधे सील करून डीप फ्रीझरमधे -20 ला दोन आठवडे ठेवा, भुंगेरे आणि त्यांची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर शीटवर पाणी धरतं.

जुना लॅब असिस्टंट:
मॅडम, मी 31 वर्षं लॅबमधे काढली, सिडकोत राहतो, आता रिटायर आहे. तुम्ही शीटचं विचारलं पण माझा जीव स्टोअररूममधे अडकला. लेबर आत जायच्या आधी तुम्ही स्वतः जाऊन बघा. पिक्रिक ॲसिडची जुनी बाटली असेल आणि ते वाळून खडे झाले असतील तर झाकण फिरवायचं नाही, हलवायचीसुद्धा नाही, ते स्फोटक होतं, जाणकार माणूस बोलवा. जुन्या ईथरचंही तेच. लाकडी टेबलांच्या फटींत आणि फरशीच्या सांध्यांत पारा असतो, वर्षानुवर्षं फुटलेल्या थर्मामीटरचा, टेबल उचललं की गोळ्या पळतात, झाडूने अजिबात झाडायचं नाही. बन्सन बर्नरवरच्या जुन्या जाळ्या ॲस्बेस्टॉसच्या असतात, त्या घासायच्या तोडायच्या नाहीत.

बरण्यांबद्दल. आमच्या वेळी एकाने रिनोव्हेशनच्या गडबडीत सगळं फॉर्मालीन बेसिनमधे ओतलं आणि प्राणी पोत्यात भरून बाहेर ठेवले. मी सुट्टीवर होतो. आल्यावर ते पोतं बघितलं, मला अजून ते विसरता येत नाही, त्यात माझ्या सरांनी स्वतः बसवलेला सापाचा सांगाडा होता. म्हणून म्हणतो, लेखी ऑर्डर काढून घ्या की डिपार्टमेंटच्या माणसाशिवाय एकही बरणी हलणार नाही. फॉर्मालीनने कॅन्सर होतो हे 2004 पासून पक्कं धरलं गेलंय, त्यामुळे टॉपिंग, म्हणजे कमी झालेलं द्रव वरून भरणं, करताना खिडकीजवळ, मास्क तोही साधा नाही, वाफेसाठीचा कार्ट्रिजवाला. आणि खवल्या मांजर, घोरपड असलं काही निघालं तर ते वन्यजीव कायद्यात, 1972 च्या, येतं. टाकायचंही नाही कुणाला द्यायचंही नाही, आधी वनखात्याशी बोला.

गोदाकाठ:
सगळं पुण्याच्या बीएसआयला (बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडिया) का देत नाही? तिथे नीट सांभाळतात, 1955 पासून पश्चिम विभागाचं केंद्र आहे.

पानफूल (पुणे):
डुप्लिकेट असतील त्या जरूर द्या, त्यांना विचारून. पण सगळं नको. नाशिकच्या पोरांना आपल्या डोंगरावरचं झाड बघायला पुण्याला यायला लावू नका. शिवाय सगळं एकाच छताखाली ठेवणं धोक्याचं. 2018 ला रिओच्या नॅशनल म्युझियमला आग लागली तेव्हा त्यांचं हर्बेरियम वाचलं, कारण ते वेगळ्या इमारतीत होतं.

सातपूरचा स्ट्रक्चरल:
मी इंजिनिअर आहे, झाडातलं कळत नाही, वजनातलं कळतं. कुणी सरकती कॉम्पॅक्टर कपाटं सुचवली तर लगेच हो म्हणू नका. वर्ग आणि लॅबचा मजला साधारण 300 किलो प्रति चौरस मीटर धरून डिझाइन करतात, पुस्तकांच्या स्टॅक रूमला त्याच्या दुप्पट लागतं, आणि कॉम्पॅक्टर भरला की त्याच्याही वर जाऊ शकतो. तुमचा स्लॅब गळका, म्हणजे आतल्या सळया गंजल्या असणार. आधी स्ट्रक्चरल ऑडिट, मग वॉटरप्रूफिंग, एक पावसाळा बघायचा, आणि मगच फर्निचर, हा क्रम उलटा झाला तर पैसे पाण्यात. तळमजला घेतलात तर नदीपासून किती लांब आहात ते बघा, 2019 ला गोदावरीच्या पुरात नदीतला दुतोंड्या मारुती बुडाला होता ते सगळ्यांनी पाहिलंय. खालचा कप्पा जमिनीपासून फूटभर वर घ्या. बाथरूमच्या खाली किंवा पाण्याच्या टाकीखाली खोली नको. फॉल्स सीलिंग तर कापूनच टाका ड्रॉइंगमधून, वर गळती सुरू झालेली तुम्हाला महिनाभर दिसणारच नाही, दिसेल तेव्हा खाली शीट भिजलेल्या असतील.

आणि बरण्या अल्कोहोलमधे करणार असाल तर ती खोली वेगळी पाहिजे. 70 टक्के अल्कोहोलची वाफ 17 डिग्रीच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते, आपल्याकडे तेवढं थंड फक्त डिसेंबर जानेवारीत असतं. स्विच खोलीच्या बाहेर, दार बाहेर उघडणारं.

अंजनेरीची वाट:
सगळ्यांचे मनापासून आभार, आठ दिवसांनी लिहितेय कारण हातात सतत ग्लोव्हज होते. प्रिन्सिपल सरांना ही सगळी चर्चा प्रिंट काढून दिली. पंधरा दिवसांचे दोन महिने करून मिळाले, फॉल्स सीलिंग रद्द, ऑडिटवाले सोमवारी येतायत. हर्बेरियमला मधली खोली मिळतेय, वर टाकी नाही, एका बाजूलाच खिडकी. शोकेस राहणार आहे, त्यावर भांडले नाही.

काका, स्टोअरमधे पिक्रिक ॲसिड खरंच निघालं. वाळलेलं. खोलीला कुलूप घातलंय आणि केमिस्ट्रीच्या सरांनी पुढचं हातात घेतलंय. तुम्ही लिहिलं नसतं तर लेबरने ती बाटली खोक्यात टाकली असती.

फील्ड रजिस्टरं तीन सापडली, जिन्याखाली. लेबल सुटलेल्या 41 शीटपैकी 26 जुळल्या. उरलेल्यांची शाई इतकी उडालीय की नंबरच वाचता येत नाही, पाण्याचे डाग पण आहेत. काही करता येईल का?

पानफूल (पुणे):
पुसू नका, ओलं काहीही लावू नका. जुनी लोखंडी शाई असेल तर अंधाऱ्या खोलीत यूव्ही टॉर्चखाली अक्षरं गडद दिसतात, तसेच फोटो काढा. पेन्सिलचं असेल तर साधी टॉर्च आडवी धरून दाबाच्या खुणा बघा. नंबराचे शेवटचे दोन आकडे जरी मिळाले तरी रजिस्टरमधे तारीख आणि गावावरून पकडता येईल.

जुना लॅब असिस्टंट:
यूव्ही टॉर्च माझ्याकडे आहे. शुक्रवारी सकाळी दहाला येतो, गेटवर सांगून ठेवा. जुन्या सरांची अक्षरं वाचायची सवय आहे मला.