नवीन पीसी जोडला, पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बहिणीच्या आर्किटेक्चरच्या कामासाठी पहिल्यांदाच घरी पीसी जोडला. बी650 चिपसेटचा मदरबोर्ड (मुख्य बोर्ड), रायझन 5 9600एक्स, डीडीआर5 रॅमच्या 16 जीबीच्या दोन स्टिक, 650 वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा डबा). ग्राफिक्स कार्ड अजून घेतलेलं नाही. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स आहे, म्हणून एचडीएमआय केबल बोर्डालाच लावली आहे.

बटण दाबलं की सगळे पंखे फिरतात, पण मॉनिटरवर 'नो सिग्नल'. बोर्डावर 24 पिनच्या कनेक्टरशेजारी चार बारीक दिवे आहेत. त्यातला 'डीरॅम' (म्हणजे रॅम) लिहिलेला पिवळा दिवा पेटतो तो विझतच नाही. डीडीआर5 ला पहिल्यांदा मेमरी ट्रेनिंगसाठी (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो त्यासाठी) काही मिनिटं लागतात हे माहीत होतं, म्हणून घड्याळ लावून 25 मिनिटं थांबलो. काही फरक नाही.

8 पिनची सीपीयू पॉवर काढून परत लावली. बोर्डावरचा सेल काढून सीमॉस क्लिअर केलं, म्हणजे बोर्डाची सेटिंग मूळ स्थितीला आणली. प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये एकेक स्टिक लावून पाहिली. मॉनिटर आणि केबल लॅपटॉपवर व्यवस्थित चालतात.

आता शंका अशी की चिपसेट 2022 चा आणि प्रोसेसर 2024 चा. बायोस (बोर्डातलं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) जुनं असेल, म्हणजे या प्रोसेसरला ओळखत नसेल, तर सीपीयूचा दिवा लागायला हवा ना, की डीरॅमचाही लागू शकतो? पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट करायचं फ्लॅशबॅकचं बटण आहे, पण पावसात आमच्याकडे लाईट कधीही जाते आणि यूपीएस नाही; अपडेट मधेच तुटलं तर बोर्ड बिघडेल या भीतीने हात धजावत नाही. की आधी प्रोसेसर काढून सॉकेटच्या पिना बघू?

दुकानदाराने बदलून द्यायला रविवारपर्यंतची मुदत दिली आहे. कुणाला असाच अनुभव आला असेल तर कृपया लवकर सांगा.